न जमलेलं कडं

जे नाही त्याच्यावर बोलत राहणं, हे तसं आम्हा कवींचं काम. पण रसायनशास्त्रज्ञही ते करतात आणि फार शिस्तीनं करतात. ‘सायक्लोप्रोपाइन’ हे त्याचं उदाहरण. या रेणूला नाव आहे, सूत्र आहे, कागदावर चित्रही आहे. पण बाटलीत भरून ठेवावा असा तो आजवर कुणाला बनवता आलेला नाही.

त्यात कार्बनचे तीन अणू एकमेकांचे हात धरून त्रिकोण करतात आणि त्यांतल्या दोघांमध्ये तिहेरी बंध असतो. तिहेरी बंधाला सरळ रेषेत, म्हणजे १८० अंशांत राहायचं असतं. त्रिकोणाचा कोपरा मात्र जेमतेम ६० अंशांचा. बुरुडाला विचारा. लांब कामटी वळवून टोपलीचा काठ होतो. बोटभर कामटीची अंगठी करायला गेलं, तर ती तडकते. बंध असे वाकवले की कड्यात ताण साठतो, हे जर्मनीच्या आडॉल्फ फॉन बायर यांनी १८८५ मध्ये मांडलं.

मग जे टिकायचंच नाही, त्याचा विचार कशाला करायचा? कारण ताण कुठवर सोसतो हे कळलं, की त्याचा उपयोगही करता येतो. कडं मोठं करत गेलं, तर आठ कार्बनपाशी तिहेरी बंध कसाबसा तग धरतो. हे ‘सायक्लोऑक्टाइन’ बाटलीत राहतं. पण आतून ताणलेलं, मोकळं व्हायला उतावीळ.

अमेरिकेच्या कॅरोलिन बर्टोझी यांनी हाच उतावीळपणा कामाला लावला. जिवंत पेशींवरच्या शर्करांना त्यांना खूण करायची होती. तशी जोडणी तांब्याच्या मदतीनं झटकन होते. पण तांबं पेशींना विषारी. २००४ मध्ये त्यांच्या गटानं हे आठाचं कडं घेतलं. शर्करेवर आधी बसवलेल्या ‘अझाइड’ या छोट्या अणुगटाशी ते तांब्यावाचून जोडलं गेलं आणि पेशींना इजा झाली नाही. २०२२ चं रसायनशास्त्राचं नोबेल बर्टोझी यांना मॉर्टन मेल्डाल आणि बॅरी शार्पलेस यांच्यासह मिळालं.

आणि त्या त्रिकोणाचं काय? त्याचेच तीन कार्बन आणि दोन हायड्रोजन निराळ्या रीतीनं जोडले, की दुसरा एक त्रिकोणी रेणू होतो. तो मात्र खरा आहे. १९८५ मध्ये ताऱ्यांमधल्या विरळ वायूत त्याची ओळख पटली. शब्द तेच, मात्रा तेवढ्याच. जागा बदलल्या आणि ओळ जमली.