सामूहिक बुद्धिमत्ता आणि ग्रंथालय : डग्लस एंगेलबार्ट यांचा विचार

(शताब्दी महोत्सवातील व्याख्यानाचा मजकूर)



संगणकशास्त्रातील एका मोठ्या विचाराचे बीज एका लहानशा वाचनालयात रुजले, ही गोष्ट ग्रंथालयाच्या शताब्दीप्रसंगी आवर्जून सांगण्याजोगी आहे. १९४५ साली दुसरे महायुद्ध संपले, तेव्हा डग्लस एंगेलबार्ट हे वीस वर्षांचे अमेरिकन तरुण नौदलात रडार तंत्रज्ञ होते. त्यांची नेमणूक फिलिपाईन्समध्ये झाली. तेथील लेयते बेटावर, खांबांवर उभारलेल्या एका झोपडीत रेडक्रॉसचे वाचनालय होते. त्या वाचनालयात त्यांनी व्हॅनिव्हर बुश यांचा एक लेख वाचला.

युद्धकाळात सुमारे सहा हजार अमेरिकन शास्त्रज्ञांच्या कार्याचा समन्वय बुश यांनी साधला होता. लेखात त्यांनी एक चिंता व्यक्त केली होती. संशोधनाचा संचय झपाट्याने वाढत आहे, परंतु त्यातून हवे ते शोधण्याच्या रीती मात्र जुन्याच आहेत, असे त्यांचे म्हणणे होते. आनुवंशिकतेविषयीचे मेंडेल यांचे नियम प्रसिद्ध होऊनही एक पिढीभर अज्ञात राहिले, हे उदाहरण त्यांनी दिले. त्यावर उपाय म्हणून त्यांनी ‘मेमेक्स’ नावाचे एक यंत्र कल्पिले. सूक्ष्मपटांवर ग्रंथ साठवावेत आणि एका उताऱ्यापासून दुसऱ्या उताऱ्यापर्यंत वाचकाने शोधलेली वाट जपून ठेवावी, अशी ही कल्पना होती.

पुढे १९५० च्या अखेरीस, चांगली नोकरी हाती असताना आणि विवाह ठरलेला असताना, एंगेलबार्ट यांना आयुष्याच्या ध्येयाचा प्रश्न पडला. मानवजातीपुढील समस्यांची गुंतागुंत आणि निकड ज्या वेगाने वाढत आहे, त्या वेगाने त्या सोडविण्याची माणसांची क्षमता वाढत नाही, या निष्कर्षाप्रत ते आले. ही क्षमता वाढविणे हेच त्यांनी जीवितकार्य मानले. १९५५ मध्ये बर्कले येथे त्यांनी डॉक्टरेट मिळविली आणि १९५७ मध्ये कॅलिफोर्नियातील स्टॅनफर्ड संशोधन संस्थेत ते रुजू झाले.

१९६२ मध्ये त्यांनी आपल्या विचाराचा आराखडा एका प्रबंधवजा अहवालात मांडला. माणूस केवळ मेंदूने विचार करीत नाही. भाषा, साधने, कार्यपद्धती आणि प्रशिक्षण या चौघांच्या साहाय्याने तो विचार करतो, हे त्यातील मुख्य प्रतिपादन होय. ते पटवून देण्यासाठी त्यांनी एक साधा प्रयोग केला. पेन्सिलीला वीट बांधून त्यांनी लिहून पाहिले. अक्षर बिघडले, वेग मंदावला. जगातील सर्व पेन्सिली एवढ्याच जड असत्या, तर लेखनाच्या सवयी आणि त्यांबरोबर विचारांची घडणही वेगळी झाली असती, हा त्या प्रयोगाचा मथितार्थ. साधन बदलले की विचार करण्याची रीत बदलते. म्हणून साधन आणि रीत यांचा विकास हातात हात घालून व्हावा, असा त्यांचा आग्रह होता.

या विचाराला मूर्त रूप आले ते ९ डिसेंबर १९६८ रोजी. सॅन फ्रान्सिस्को येथील संगणक परिषदेत सुमारे एक हजार तज्ज्ञांसमोर एंगेलबार्ट यांनी दीड तासाचे प्रात्यक्षिक दिले. बाजारातून आणावयाच्या जिनसांची यादी त्यांनी पडद्यावर लिहिली, तिची प्रतवारी केली, एका शब्दावरून दुसऱ्या मजकुरावर उडी घेतली. दूर मेन्लो पार्क येथील प्रयोगशाळेत बसलेल्या सहकाऱ्याबरोबर एकाच पडद्यावरील एकच मजकूर त्यांनी हाताळला, आणि त्या सहकाऱ्याचा चेहराही त्याच पडद्यावर दिसत होता. त्यांच्या हातात लाकडी खोक्याच्या रूपात जन्मलेला ‘माऊस’ होता. त्याची कल्पना त्यांची होती, आणि पहिला नमुना त्यांचे सहकारी बिल इंग्लिश यांनी घडविला होता. प्रात्यक्षिक संपताच सभागृह उभे राहिले.

तथापि एंगेलबार्ट यांच्या लेखी माऊस ही गौण बाब होती. १९७० च्या सुमारास त्यांच्या प्रयोगशाळेत ‘जर्नल’ नावाची व्यवस्था सुरू झाली. सभासदाने लिहिलेले टिपण, पत्र वा आक्षेप तीत दाखल झाला की त्याला कायमचा क्रमांक मिळे. नंतर तो मजकूर कोणालाही बदलता येत नसे. चूक आढळल्यास दुरुस्तीचे नवे टिपण नव्या क्रमांकाने जोडावे लागे, आणि जुनेही जागच्या जागी राही. त्यामुळे एखादा निर्णय कोणत्या चर्चेतून झाला आणि कोणता पर्याय का सोडला गेला, हे मागाहून आलेल्यालाही कळत असे. ग्रंथालयाच्या दाखल नोंदवहीशी परिचित असलेल्या कोणालाही या व्यवस्थेतील शिस्त परकी वाटणार नाही.

यातूनच पुढे त्यांचा ‘सामूहिक बुद्ध्यंक’ हा सिद्धान्त आकाराला आला. एखाद्या समूहात बुद्धिमान माणसे किती, यावर त्या समूहाची बुद्धी ठरत नाही. बाहेर काय घडत आहे याची माहिती तो कशी गोळा करतो, आपसांतील चर्चेची नोंद कशी ठेवतो आणि या दोहोंतून सर्वमान्य ज्ञान कसे सिद्ध करतो, यावर ती ठरते. ही तिन्ही अंगे ज्यात सतत अद्ययावत राहतात, अशा भांडाराला त्यांनी गतिशील ज्ञानभांडार म्हटले. संस्थेच्या कार्याचेही त्यांनी तीन स्तर कल्पिले. पहिला नित्याचे काम, दुसरा ते काम सुधारणे आणि तिसरा सुधारण्याची पद्धतच सुधारणे. संस्था पहिल्या स्तरावर सारी शक्ती खर्च करतात आणि तिसरा स्तर रिकामा राहतो, हे त्यांचे निरीक्षण होते.

जगाने मात्र त्यांचे उपकरण उचलले आणि विचार मागे ठेवला. सत्तरच्या दशकात त्यांचे अनेक सहकारी अन्यत्र गेले आणि सरकारी अनुदान आटले. त्यांची प्रणाली शिकण्यास कठीण होती, हा आक्षेप खरा होता. त्यावर त्यांचे उत्तर असे, की केवळ सोपेपणा हाच निकष लावला तर माणूस जन्मभर तीनचाकी सायकलच चालवीत राहील. १९९७ मध्ये संगणकक्षेत्रातील सर्वोच्च मानला जाणारा ट्युरिंग पुरस्कार त्यांना मिळाला. २ जुलै २०१३ रोजी ते निवर्तले.

या विचाराचा मराठी ग्रंथव्यवहाराशी काय संबंध, असा प्रश्न स्वाभाविक आहे. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर यांनी महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे २३ खंड सिद्ध केले, ते अनेक सहकाऱ्यांना एका पद्धतीत गुंफून. तेवढ्यावर न थांबता, ते काम कसे उभे राहिले याचा वृत्तान्त त्यांनी ‘माझे बारा वर्षांचे काम’ या ग्रंथात लिहून ठेवला. आपल्या कार्यपद्धतीची अशी नोंद ठेवणे हेच एंगेलबार्ट यांना अभिप्रेत असलेल्या सुधारणेचे पहिले पाऊल होय. ग्रंथालय ही वाढत जाणारी संस्था आहे, हे सूत्र डॉ. रंगनाथन यांनी १९३१ मध्येच सांगितले होते.

आज जुने ग्रंथ संगणकावर उतरवून घेण्याकडे ग्रंथालयांचा कल आहे, आणि जीर्ण पानांचा विचार करता ते निकडीचेही आहे. परंतु एखादे दुर्मिळ नियतकालिक कोणाच्या देणगीतून आले, त्यातील कोणता अंक गहाळ आहे, एका टोपणनावामागे कोण लेखक होता, हे ज्ञान छापील पानावर नसते. ते जुन्या ग्रंथपालाच्या आणि निष्ठावंत वाचकाच्या स्मरणात असते, आणि त्यांच्याबरोबरच नाहीसे होते. महाराष्ट्राबाहेरील मराठी ग्रंथालयांत ही हानी अधिक बोचणारी ठरते. कारण ज्या गावात मराठी वाचकांची संख्या मुळातच मर्यादित, तेथे ती आठवण दुसऱ्या कोणाकडे सापडेलच असे नाही.

या हानीवर उपाय खर्चिक नाही. तालिकेतील प्रत्येक नोंदीपुढे वाचकाला स्वाक्षरी व दिनांकासह चार ओळींचे टिपण जोडता यावे. दुसऱ्याने ते खोडू नये, मतभेद असल्यास खाली नवे टिपण लिहावे. आणि वर्षातून एकदा कार्यकारी मंडळाने ही रीत कशी सुधारता येईल याचा विचार करावा. यासाठी संगणक असल्यास उत्तम. नसल्यास एक जाड वही पुरेशी आहे. ज्या ग्रंथालयाने शंभर वर्षे देवघेवीची नोंद चुकविली नाही, त्याला ही शिस्त अवघड नाही. ज्यांच्या स्मरणात या संग्रहाचा इतिहास आहे असे वाचक आज या सभागृहात बसलेले आहेत. पहिले टिपण त्यांच्याकडूनच यावे, आणि ते याच वर्षी यावे.