अंजनीची ओळख



महाबळेश्वरला आपण बहुतेकजण जाऊन आलो असू. पण तेथे ज्या झाडांच्या सावलीतून हिंडलो त्यांची नावे विचारली, तर जांभळापुढे आपली गाडी अडते. त्यांतल्याच एका झाडाची, अंजनीची, ओळख करून देण्याचे आम्ही आज योजिले आहे.

प्रथम नावाचा घोटाळा. हिला पुष्कळ लोक अंजनच म्हणतात. आणि खानदेशच्या रखरखीत डोंगरांवर वाढतो तोही अंजनच! घाटमाथ्यावर लावण्यासाठी आम्ही एकदा ‘अंजना’ची रोपे मागविली. उतरवून घेताना पाहतो तो प्रत्येक पानाची दोन दले. आपट्याचे पान देठापर्यंत चिरावे तशी. खानदेशचा अंजन आमच्या दारात आला होता! दोष पाठविणाऱ्याचा नव्हता; आम्ही नुसते नाव सांगितले होते. वनस्पतिशास्त्रात घाटावरची मेमेसिलॉन अंबेलॅटम आणि खानदेशचा हार्डविकिया बायनाटा. दोघांची कुळेही निराळी.

मग अंजनी ओळखावी कशी? पाने समोरासमोर, जाड, चिवट. मधली शीर स्पष्ट, बाजूच्या शिरा जवळजवळ दिसतच नाहीत. शेजारच्या जांभळाच्या पानात त्या दाट आणि स्पष्ट असतात. एवढा एक फरक ध्यानात ठेवला तरी बारा महिने चूक होणार नाही. फाल्गुन-चैत्राच्या सुमारास पानांखालच्या उघड्या फांद्यांवर निळ्याजांभळ्या फुलांचे झुबके येतात. फूल नखाहून लहान. पाकळ्या चार, पुंकेसर आठ. मागाहून वाटाण्याएवढी गोल फळे धरतात आणि पिकून काळसर होतात.

आता तिचे घर. उंच झाडांच्या दाट राईत अंजनी खालच्या थरात, सावलीत नांदते. महाबळेश्वरच्या वाऱ्याच्या माथ्यावर सारे रानच ठेंगणे. तेथे ती जांभूळ आणि पिसा यांच्या बरोबरीने उभी असते. वर्षाला 5000 मिलिमीटरहून अधिक पाऊस, जांभा दगड, धुके आणि सदा हिरवी सोबत, हा तिचा संसार. खानदेशी अंजनाला हे घर मानवणारे नव्हे, आणि हिला त्याचे नव्हे.

महाबळेश्वर-पाचगणीचा परिसर 2001 साली केंद्र सरकारने पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर केला. तरीही ‘खालची झुडपे साफ केली, मोठी झाडे राखली’ असे कोणी समाधानाने सांगितले, तर त्या झुडपांत कोण होते हे आपल्याला विचारता आले पाहिजे. ओळखच नसेल तर आपण काय विचारणार?

पुढच्या खेपेस घाटावर जाल तेव्हा एक पान उजेडासमोर धरून शिरा पाहा, एवढीच आमची विनंती आहे.