घरचा चायनीज भात



माझा धाकटा रोज संध्याकाळी चायनीजच्या गाडीवर जायचा आणि घरची भाजी तशीच उरायची. म्हटलं, फोडणीचा भात येतो तर हा का येणार नाही? चीनमध्येही घरोघरी हा उरलेल्या भाताचाच पदार्थ. गार भात मोकळा राहतो, गरम घेतला की लगदा होतो. पण फ्रीज नसेल तर सकाळचा भात रात्री वापरू नका, पोट बिघडतं. त्यापेक्षा तासभर आधी कमी पाण्यात शिजवा, परातीत पसरून गार करा आणि लगेच वापरा.

कढई चांगली तापू द्या. तेलात लसूण, मग बारीक चिरलेला कोबी, गाजर, घेवडा मोठ्या आचेवर 2-3 मिनिटं परता. मग भात, मिरपूड, चमचाभर सोया सॉस, वरून कांद्याची पात.

माझी चूक सांगते. पहिल्यांदा मी सवयीनं मीठ घातलं, वर सॉस. घास जाईना कुणाला! सॉस मुळातच खारट असतो. सासूबाईंना बीपी आहे, म्हणून त्यांचा वाटा मी सॉसआधीच काढते, वर लिंबू पिळते.

धाकटा गाडीवर अजून जातो, पण रोज नाही. परवा कोबी त्यानंच चिरला, जाडाभरडा का होईना.