पेढ्याच्या खोक्यातला समुद्र
(रौप्यमहोत्सवी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्या सोसायटीला पंचवीस वर्षं झाली आणि या वर्षी सुट्टीतल्या मुलांच्या वर्गाला विषय निवडला तो समुद्रातल्या प्राण्यांचा. काही जणांनी मला विचारलंही, "बाई, सांगलीत समुद्र कुठून आणला?" प्रश्न रास्त आहे. माझं माहेर सातारा, सासर सांगली. दोन्हीकडं नदी आहे, समुद्र नाही. आपल्या पोरांनी समुद्र पाहिलाय तो गणपतीपुळ्याच्या सहलीत, दोन तास, आणि बाकी सगळा मोबाइलवर. म्हणूनच म्हटलं, हातानं करून बघू. मागच्या टेबलावर जे मांडलंय ते मुलांनी केलंय. मोठ्यांनी घरी जाण्याआधी जरूर बघावं.

यासाठी बाजारातून काही आणलेलं नाही. साताऱ्याहून कंदी पेढे येतात, त्याचा रिकामा खोका म्हणजे आमचा समुद्र. आतून निळा कागद चिकटवला की झालं. चिकटवायला मैद्याची खळ. दोन चमचे मैदा कपभर पाण्यात गुठळ्या मोडून कालवायचा आणि मंद आचेवर चकचकीत होईपर्यंत ढवळायचा. गॅसजवळ मोठ्यांनी उभं राहायचं. रंगाला आपली सांगलीची हळद आहेच. हळदीच्या पाण्यात चिमूटभर खाण्याचा सोडा टाकला की पिवळ्याचा लालसर नारिंगी होतो. पोरं ते पाहून इतकी खूश झाली की एका दिवसात कुणाच्या तरी घरचा हळदीचा डबा निम्मा झाला. त्या काकूंची इथं जाहीर माफी मागते!

सुरुवात केली खेकड्यापासून, कारण तो आपल्याला ओळखीचा. ओढ्याकाठचा खेकडा सगळ्यांनी पाहिलेला. कागदी डिश मधोमध दुमडली की झाली पाठ. मग मी विचारलं, पाय किती? कुणी सहा म्हणालं, कुणी आठ. नांग्या धरून दहा. डोळे काडीवर बसवायचे, कारण खेकड्याचे डोळे देठावर असतात. खेकडा हजारदा पाहिलेल्या पोरानंसुद्धा पाय कधी मोजले नव्हते. करायला बसलं की मोजावे लागतात. हस्तकलेचा खरा फायदा मला हाच वाटतो. हात चालायला लागला की डोळे नीट बघायला लागतात.

मग केला ऑक्टोपस. जुन्या मोज्याच्या पुढच्या भागात चिंध्या भरायच्या, दोऱ्यानं गळा आवळायचा आणि खालचा भाग कापून आठ पट्ट्या करायच्या. आधी दोन भाग, दोनाचे चार, चाराचे आठ. तिसरीतल्या मुलांचा अपूर्णांकांचा धडा तिथंच झाला. ऑक्टोपसला हृदयं तीन आणि रक्त निळसर, कारण त्यात लोहाऐवजी तांबं असतं. हे ऐकल्यावर एका मुलीनं घरून आईच्या टिकल्यांचं पाकीट आणलं आणि प्रत्येक ऑक्टोपसच्या पोटात तीन-तीन टिकल्या लावल्या. बाहेरून त्या दिसत नाहीत. पण तिला माहीत आहे, त्या आत आहेत.

पापलेट केलं जुन्या लग्नपत्रिकांचं. पत्रिकांच्या चंदेरी कागदाचे छोटे गोल कापून खवल्यांसारखे एकावर एक चिकटवायचे. २०२३ साली चंदेरी पापलेट हा महाराष्ट्राचा राज्यमासा म्हणून जाहीर झाला. रौप्यमहोत्सवाला चंदेरी मासा, याहून चांगला योग कुठला?

आता आईबाबांशी थोडं स्पष्ट बोलते. शाळेचा 'प्रोजेक्ट' आला की रात्री अकरा वाजता बाबा कटर घेऊन बसतात आणि पोरगं झोपलेलं असतं. नाहीतर दुकानातून तयार आणतात. वर्गात तुमची कामं मी तीनच ठेवली होती. कटर आणि गॅस सांभाळणं, लागलं तर एक टोक धरणं, आणि तिसरं, सगळ्यात अवघड, गप्प बसणं. तुम्ही बघालच, टेबलावरच्या एका कासवाला तीनच पाय आहेत. बी विंगमधल्या चौथीतल्या मुलानं केलंय. त्याची आई चौथा पाय चिकटवायला निघाली तर तो म्हणाला, "आई, थांब. त्याचा पाय जाळ्यात अडकून तुटलाय." समुद्रात सोडून दिलेल्या जाळ्यांत अडकून कासवांचे पाय खरंच जायबंदी होतात. हे त्यानं आदल्या दिवशी ऐकलं होतं. चौथा पाय लावला असता तर कासव पूर्ण झालं असतं, पण त्याचं राहिलं नसतं.

कासवाची पाठ नारळाच्या करवंटीची. पाय पुठ्ठ्याचे, वल्ह्यासारखे चपटे. समुद्री कासवाला डोकं पाठीत ओढून घेता येत नाही, म्हणून डोकं बाहेरच पक्कं चिकटवायचं. अशी कासवं बघायची असतील तर रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासला जा. तेच वेळास, नाना फडणवीसांचं मूळ गाव. वाईजवळ मेणवलीला कृष्णेकाठी त्यांचा वाडा आपण सगळ्यांनी पाहिलाय. वेळासला २००२ सालापासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेनं गावकऱ्यांना बरोबर घेऊन ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी राखली. एका घरट्यात शंभरेक अंडी, आणि साधारण दीड-दोन महिन्यांनी पिल्लं वाळूतून वर येतात. लोक पहाटे उठून ती समुद्रात जाताना बघतात.

राहिला जेलीफिश. त्याला मेंदू नाही, हृदय नाही, हाड नाही, म्हणून करायला सगळ्यात सोपा. पानाचा द्रोण उपडा धरायचा, कडेनं जुन्या ओढणीच्या पट्ट्या लावायच्या, वरून दोरा ओवून खिडकीत टांगायचा. त्या दिवशी मी एक साधा प्रयोग केला. बादलीभर पाणी घेतलं आणि एक पातळ पांढरी पिशवी त्यात सोडून हळूच हलवली. पिशवी फुगली, तरंगली, खाली-वर व्हायला लागली. पोरं ओरडली, "जेलीफिश!" मी विचारलं, "तुम्हाला जेलीफिश वाटला. जेलीफिश खाणाऱ्या कासवाला काय वाटेल?"

कुणी बोललं नाही. मग पहिलीतली एक चिमुरडी म्हणाली, "ते खाईल."

कासवं पिशव्या खातात, कारण त्यांना त्या भक्ष्य वाटतात. पिशवी पोटात अडकते. हे मी तासभर सांगितलं असतं तरी पोरांच्या लक्षात किती राहिलं असतं, सांगता येत नाही. पण स्वतः करवंटीचं कासव केलेल्या पोराला ते सांगावं लागलं नाही.

पुढचा प्रश्न त्यांनीच विचारला. "बाई, आपली पिशवी समुद्रात कशी जाईल? समुद्र लांब आहे." मी फळ्यावर कृष्णा काढली. महाबळेश्वरला उगम, वाई, साताऱ्याजवळ संगम माहुली, कऱ्हाडला प्रीतिसंगम, मग आपली सांगली, हरिपूरला वारणा मिळते, पुढं नरसोबाची वाडी, कर्नाटक, तेलंगणा, आंध्र, आणि हंसलदीवीजवळ बंगालचा उपसागर. सुमारे १४०० किलोमीटर. आपल्या गेटसमोरची गटार नाल्याला मिळते आणि नाला कृष्णेला.

साताऱ्याची गंमत तर आणखी मोठी. कोयनेचं पाणी कऱ्हाडला कृष्णेत येऊन पूर्वेला जातं. पण त्याच कोयना धरणातलं पाणी विजेसाठी सह्याद्रीच्या पोटातल्या बोगद्यांतून पोफळीला उतरतं, वाशिष्ठीत जातं आणि दाभोळच्या खाडीतून अरबी समुद्राला मिळतं. म्हणजे एका जिल्ह्याचं पाणी दोन समुद्रांना. आणि हे दोन्ही समुद्र जोडणारा प्राणीसुद्धा सापडलाय. २०२१ साली ओडिशात खूण केलेली एक ऑलिव्ह रिडले मादी जानेवारी २०२५ मध्ये दाभोळच्या खाडीपलीकडं, गुहागरच्या किनाऱ्यावर अंडी घालताना आढळली. साडेतीन हजार किलोमीटर पोहून आली ती. आपलं पाणी जिथं जिथं जातं, तिथं तिथं ती असू शकते.

मोठ्यांना वेगळं सांगायला नको. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं, धोक्याची पातळी ४५ फूट असताना. पूर ओसरल्यावर काठच्या झाडांच्या फांद्यांना काय लटकत होतं? पिशव्या. ज्या अडकल्या त्या आपण पाहिल्या. ज्या अडकल्या नाहीत त्या पुढं गेल्या. २०१८ पासून आपल्या राज्यात पातळ पिशव्यांवर आणि थर्माकोलच्या ताट-वाट्यांवर बंदी आहे. तरी पिशवी घरात येतेच, हे आपणा सर्वांना ठाऊक आहे.

म्हणून भाषणाच्या शेवटी मुलांच्या वतीनं कमिटीकडं एकच मागणी करते. वॉचमनच्या केबिनजवळ एक पोतं ठेवा. धुऊन वाळवलेल्या दुधाच्या आणि इतर पिशव्या त्यात जातील, महिन्यातून एकदा भंगारवाल्याला नाहीतर घंटागाडीला वेगळ्या देता येतील. पावसाळ्याआधी गेटसमोरच्या गटारीवर जाळी बसवून घ्या. जाळीत काय अडकलं ते दर रविवारी बघायचं काम मुलांनी घेतलंय. बघायचं आणि वहीत लिहायचं. हात लावायचा नाही, ते मोठ्यांनी हातमोजे घालून काढायचं. वही पहिलीतल्या त्या चिमुरडीकडं आहे. लिहायला तिला ताई मदत करते.

आणि आज घरी गेल्यावर मूल काही करत बसलं असेल, तर त्याचा मासा वाकडा आहे म्हणून सरळ करू नका. शेजारी बसा आणि विचारा, याला पाय किती, हा खातो काय, राहतो कुठं. उत्तर त्याला येईल. नाही आलं तर दोघं मिळून शोधा.

 सोसायटीला पंचविशीच्या शुभेच्छा.