वस्त्रदान आणि महेश्वरचा विणकर
(मठाच्या वर्धापनोत्सवात झालेले भाषण)



देवास वस्त्र अर्पावे, अतिथीच्या खांद्यावर उपरणे घालावे, सुवासिनीची ओटी खणाने भरावी, ही आपल्या मठांची व घरांची रीत फार जुनी आहे. ते वस्त्र कोणाच्या हातचे, हा प्रश्न मात्र आपण क्वचितच विचारतो. त्याविषयी आज चार शब्द बोलावयाचे आहेत. आणि त्यासाठी इंदूरपासून सुमारे ९० किलोमीटरांवर, नर्मदातीरी वसलेल्या महेश्वरचे उदाहरण घेतो.

पुण्यश्लोक अहिल्याबाई होळकर यांनी १७६७ ते १७९५ या काळात राज्यकारभार केला व महेश्वर ही आपली राजधानी केली. त्यांनी घाट बांधले, देवालये उभारली, हे सर्वश्रुत आहे. बाहेरगावचे कुशल विणकर आणून त्यांनी तेथे वसविले, याचे स्मरण मात्र तितकेसे राहत नाही. दरबारी आलेल्या पाहुण्यांस महेश्वरी वस्त्रे भेट म्हणून दिली जात. त्या भेटीत औदार्य होते, तशीच मागावर बसणाऱ्या माणसाच्या हातास काम पुरविण्याची दूरदृष्टीही होती.

हे वस्त्र मुळात सुती. पुढे रेशमी ताणा व सुती बाणा यांचा मेळ घालून ते हलके आणि तलम झाले. अंगावर साध्या रेघा अथवा चौकडी, पदरावर पट्टे, आणि दोन्ही बाजूंनी सारखाच दिसणारा काठ, ही त्याची ओळख. किल्ल्याच्या व घाटांच्या दगडावरील नक्षीच काठावर उतरली आहे. लहर, चटाई, वीट ही त्या काठांची नावेच ते सांगतात. आज तेथील विणकरांत अन्सारी समाजाचे पुष्कळ लोक आहेत. राजमातेने वसविलेली विद्या त्यांच्या हातांनी जपली, हेही आपण कृतज्ञतेने ध्यानी घ्यावे.

राजाश्रय संपला, गिरणीचे स्वस्त कापड बाजारात आले, आणि मागांचा आवाज मंदावला. अशा वेळी १९७८ साली होळकर घराण्यातील रिचर्ड होळकर व सॅली होळकर यांनी महेश्वर येथे ‘रेहवा’ ही संस्था स्थापिली. रेवेच्या नावावरूनच हे नाव घेतले आहे. पूर्वी कांड्या भरण्यासारखी पूरक कामे स्त्रियांकडे व माग पुरुषांकडे, अशी सर्वसाधारण वहिवाट होती. संस्थेने स्त्रियांस प्रत्यक्ष विणकाम शिकविले, त्यांच्या हाती मजुरी दिली आणि विणकरांच्या मुलांसाठी शाळाही चालविली. कला तगावयाची तर आधी कलावंताची चूल पेटली पाहिजे, हे या प्रयत्नाचे मर्म होय.

हा प्रश्न एका गावापुरता नाही. २०१९-२० च्या गणनेनुसार देशात हातमागावर व त्याच्या पूरक कामांवर सुमारे ३५ लाख माणसे जगतात. त्यांत शंभरामागे बहात्तर स्त्रिया आहेत. काही वस्त्रप्रकार हातमागासाठी राखून ठेवणारा कायदा १९८५ सालीच झाला. तरीही यंत्रमागावरचे अनुकरण हातमागाच्या नावाने विकले जाते आणि विणकराचा घास हिरावला जातो. विणकराचा मुलगा माग सोडून अन्य मजुरीस गेला, तर बापाच्या हातातील विद्या कोणत्या ग्रंथात शोधावयाची?

सज्जनहो, पूर्वी जे काम राजमातेच्या भेटवस्त्रांनी केले, ते आता ग्राहकाच्या हाती आले आहे. म्हणून माझी विनंती लहानशी आहे. मठात सत्कारासाठी जी वस्त्रे घेतली जातात, ती हातमागाचीच असावीत. घेताना २००६ पासून प्रचारात असलेले सरकारी हातमाग-चिन्ह पाहावे, शक्य तेथे विणकरांच्या संस्थेकडूनच खरेदी करावी, आणि रास्त किमतीत घासाघीस करू नये. वस्त्र अर्पिताना घेणाऱ्याचा मान राखला जातो. विणणाऱ्याचाही राखला गेला, तर ते दान पूर्ण झाले असे मी म्हणेन.