धरण उशाला, कोरड घशाला
(मावळातील महिलांच्या लोणावळा येथील मेळाव्यात केलेले भाषण)



‘धरण उशाला आणि कोरड घशाला’ ही म्हण मावळातल्या बाईला समजावून सांगावी लागत नाही. वळवणचं, शिरवट्याचं पाणी खोपोलीला उतरतं आणि त्याची वीज मुंबईला जाते. पवनेचं पाणी पिंपरी-चिंचवडला जातं. कोरोनाच्या लसीचंही असंच झालं, आणि आज मी त्याबद्दल बोलणार आहे. या साथीत कोण वाचलं आणि कोण गेलं, हे ठरण्यात लस आधी कुणाला मिळाली याचा मोठा वाटा होता.

जगात सर्वांत जास्त लसी बनवणारी सीरम इन्स्टिट्यूट पुण्यात, हडपसरला आहे. १३ जानेवारी २०२१ ला मुंबईची पहिली खेप पुण्याहून रस्त्यानं, आपल्याच घाटातून गेली. गरीब देशांसाठी ‘कोव्हॅक्स’ नावाची जागतिक योजना होती. तिची पहिली खेप, सहा लाख डोस, २४ फेब्रुवारीला आफ्रिकेत घानाला पोचली. तीही पुण्याचीच. पण तोवर इंग्लंडमध्ये लसीकरण सुरू होऊन अडीच महिने झाले होते. श्रीमंत देशांनी लस तयार होण्याआधीच पैसे मोजून साठे राखून ठेवले होते.

मग आपल्याकडे दुसरी लाट उसळली आणि सरकारनं निर्यात जवळजवळ थांबवली. इथं माणसं मरत असताना ते समजण्यासारखं होतं. पण कोव्हॅक्सची मोठी भिस्त याच कारखान्यावर होती, आणि इथून तिला पुन्हा लस सुटली ती थेट नोव्हेंबरअखेर. २०२१ संपताना श्रीमंत देशांत दहांतल्या सातांहून अधिक जणांना निदान एक डोस मिळाला होता, सर्वांत गरीब देशांत जेमतेम एकाला.

साऱ्या गावानं एकाच विहिरीवर का अवलंबून राहावं? दुसरी खणायची तर हक्क मूठभर कंपन्यांकडे. भारत आणि दक्षिण आफ्रिकेनं ऑक्टोबर २०२० मध्येच जागतिक व्यापार संघटनेत मागणी केली होती की, साथ आहे तोवर पेटंटची बंधनं उठवा. निर्णय झाला जून २०२२ मध्ये, आणि तोही तोकडा.

याची किंमत किती? लंडनच्या इंपिरियल कॉलेजच्या संशोधकांनी २०२२ मध्ये हिशेब मांडला. पहिल्या वर्षात लसीमुळं जगभर सुमारे १ कोटी ९८ लाख मृत्यू टळले. गरीब देशांत २० टक्के लोकांना लस देण्याचं कोव्हॅक्सचं उद्दिष्ट पुरं झालं असतं, तर तिथं वाचलेल्या जिवांत आणखी ४५ टक्क्यांची भर पडली असती. ४० टक्क्यांना मिळाली असती, तर दुपटीहून जास्त जीव वाचले असते.

कुणी म्हणेल, नोंदीत तर अमेरिकेत जास्त मेले, आफ्रिकेत कमी. पण श्रीमंत देशांत म्हातारी माणसं जास्त, आणि तिथं बहुतेक प्रत्येक मरण कागदावर येतं. आपला सरकारी आकडा सव्वापाच लाखांच्या पुढं. जागतिक आरोग्य संघटनेचा २०२०-२१ चा अंदाज ४७ लाख. सरकारनं तो नाकारला. पण नवऱ्याच्या दाखल्यावर ‘कोरोना’ नाही म्हणून पन्नास हजारांच्या मदतीसाठी खेटे घालणाऱ्या बाईला विचारा, नोंद म्हणजे काय ते.

देशादेशांत जी उतरंड, तीच देशाच्या आत. मे २०२१ मध्ये १८ ते ४४ वयाच्या माणसांना ऑनलाइन नाव नोंदवल्याशिवाय लस नव्हती. त्या काळच्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत इंटरनेट कधीतरी वापरलेले पुरुष ५७ टक्के, बाया ३३ टक्के. शहरातले लोक गाड्या करून खेड्यातल्या केंद्रावर लस घेऊन गेले, आणि ठाकर-कातकरी वाड्यांवरची बाई वाट बघत राहिली. घरोघर फिरून लोकांना लसीसाठी तयार केलं ते आशाताईंनी. त्यांनाच जून २०२१ मध्ये मानधनासाठी संप करावा लागला.

मे २०२५ मध्ये जागतिक आरोग्य सभेनं महामारी करार मंजूर केला, पण लस कुणाला किती हे पुढच्या वाटाघाटींवर सोडलं. म्हणून आपल्या मागण्या आपणच पक्क्या करू. जनतेच्या पैशातून निघालेलं लसीचं ज्ञान सर्व देशांना खुलं हवं. हाफकिनसारख्या सरकारी संस्था धडधाकट हव्यात. प्रत्येक मरणाची खरी नोंद हवी. आणि पुढच्या साथीत लस आधी वाडीवर यावी. रांगेत बाईचा नंबर शेवटचा नको.