उंचीचे कडे आणि चाकांचे कोन

गाडीची उंची कमी-जास्त करता येणारे सस्पेन्शन आणि चाकांचे अलाइनमेंट यांचा संबंध उलगडून सांगावा, असे नभोवाणी केंद्राचे निमंत्रण आले, तेव्हा दाखल्यासाठी मी निवडली ती जपानच्या माझदा कंपनीने १९८९ साली शिकागोच्या प्रदर्शनात प्रथम मांडलेली दोन आसनांची एमएक्स-५ ही स्पोर्ट्स कार. कारण तिच्या प्रत्येक चाकाला वर एक व खाली एक असे दोन विशबोन, म्हणजे चाक गाडीच्या सांगाड्याशी जोडणारे दांडे, असून, खालच्या विशबोनच्या मुळाशी असलेले विकेंद्री बोल्ट फिरवून चाकांचे कोन बदलण्याची तजवीज कारखान्यानेच करून ठेवली होती.

हौशी मालक अशा गाडीला कॉइलओव्हर, म्हणजे स्प्रिंग आणि शॉकअब्सॉर्बर यांची उंची बदलता येणारी एकत्र जोडणी, बसवितो, तेव्हा त्याच्या हाती दोन अधिकार येतात, आणि पुष्कळ घोटाळा होतो तो हे दोन्ही एकच समजल्याने. वरच्या टोकाची कटकट करीत फिरणारी घुंडी शॉकअब्सॉर्बरमधील तेलाची वाट अरुंद वा रुंद करते. तिने गाडीची चाल ताठ किंवा मवाळ होते, परंतु उभ्या गाडीच्या चाकांचे कोन तसूभरही हलत नाहीत. आटे पाडलेल्या नळीवरचे कडे फिरविले की मात्र उंची बदलते, आणि उंची बदलली की कोन बदललेच म्हणून समजावे.

वरचा विशबोन खालच्याहून आखूड असल्याने गाडी खाली बसली की चाकाचा माथा आत ओढला जातो. हा निगेटिव्ह कॅम्बर. वळणावर गाडी बाहेर कलते तेव्हा बाहेरच्या टायरला रस्त्यावर सपाट टेकण्यास तो उपयोगी पडतो, म्हणून शर्यतीचे लोक तो मुद्दाम राखतात.

टायरचा खरा वैरी कॅम्बर नव्हे, टो आहे, हे मी विद्यार्थ्यांना त्यांना कंटाळा येईतो सांगत आलो आहे. चालणाऱ्याची पावले आत वा बाहेर वळलेली असावीत, तशी चाके रोखलेली असणे म्हणजे टो. स्टिअरिंगचा दांडा आपल्या कंसात फिरतो, विशबोन आपल्या. हे दोन कंस तंतोतंत जुळत नाहीत, म्हणून उंचीबरोबर टोही सरकतो. चाक गाडीच्या मार्गाशी अवघा एक अंश तिरपे असले, तरी दर किलोमीटरमागे ते सुमारे १७ मीटर आडवे घासत जाते; हिशेब शालेय त्रिकोणमितीचाच आहे. टायरवरून तळहात आडवा फिरवून पाहावा: एका दिशेने गुळगुळीत लागला आणि उलट दिशेने रबराच्या कडा बोचल्या, तर बहुधा टो बिघडला आहे.

आमची तरुण मंडळी अलाइनमेंट करून घेतात, पावती खिशात घालतात आणि पुढच्याच रविवारी, केवळ दिसण्यासाठी, गाडी आणखी दोन बोटे खाली आणतात. झालेला खर्च तत्क्षणी रद्दबातल! आधी उंची, मग कोन. पुन्हा सांगतो, आधी उंची, मग कोन. टायरमधील हवा तपासावी, उंची कायम करून गाडी थोडी फिरवून आणावी, चालकाच्या वजनाइतका भार आसनावर ठेवावा. मग आधी मागची चाके, नंतर पुढची, आणि पुढच्यांतही टो सर्वांत शेवटी, कारण कॅम्बर हलविला की टो हलतोच.

कॅस्टरविषयी बरेच बोलायचे होते, पण काचेपलीकडून मुदत सरल्याची खूण होत आहे. वळणानंतर स्टिअरिंग मध्यावर परत आणण्यास साह्य करणारा तो कोन, एवढेच आज पुरे. गॅरेजमधून निघताना दुरुस्तीपूर्वीचे व नंतरचे आकडे छापलेला कागद मिस्त्रींकडून अवश्य मागून घ्या, आणि चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतची त्या दिवशीची उंची त्यावर स्वतःच्या हाताने लिहून ठेवा.